ओकणारं मशीन आणि पिवळा रबरबँड

आधी माझा टूथब्रश गेला. मग टॉवेल. मग गुलाबी नेलपॉलिशची बाटली. आणि त्या आठवड्यात माझा पिवळा रबरबँड, तो जाडसर कापडाचा, जो लावला की माझी पोनी दिवसभर ताठ राहते. मी कपाट उलटंपालटं केलं, उशीचे अभ्रे झटकले, पलंगाखाली झोपून पाहिलं आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जाहीर केलं, की या घरात चोर आहे आणि त्याच्या अंगाला डिझेलचा वास येतो.

"सुटली तोफ," काका चहा फुंकत म्हणाला.

तोफ म्हणजे मी. महिन्यापूर्वी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हापासून काकाने हे नाव ठेवलंय. त्याआधी मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. त्या दिवशी माइकसमोर आवाज बाहेर पडला तो पडलाच, आणि मला एक भयंकर शोध लागला: आपण बोललो की लोक ऐकतात! हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता मी थांबत नाही.

चोर काकाच आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. टूथब्रश मी स्वतः त्याच्या पान्यांच्या पेटीत पाहिला होता, काळाकुट्ट, केस चारी दिशांना फाकलेले. टॉवेलने तो ऑइल पुसत होता. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या टॉवेलचं सोनं झालं." आणि हे सगळं कशासाठी? आमच्या काँक्रीट पंपासाठी.

आमचं अख्खं घर त्या एका मशीनच्या सेवेला आहे. बाबा मिक्सरचा ट्रक चालवतात, म्हणजे तो मागे गोल फिरणारं पिंप असलेला. ते काँक्रीट आणून पंपाच्या हॉपरमध्ये ओततात. हॉपर म्हणजे मागचं मोठं पत्र्याचं घमेलं समजा. तिथून पुढे पंप ते काँक्रीट पाइपातून चार-पाच मजले वर ढकलतो. पंप आई चालवते. तो बिघडला की काका दुरुस्त करतो. आणि तिघं घरी आले की त्यांच्या मोज्यांतून, खिशांतून, कानांतून राखाडी पूड पडते, ती मी झाडते. बाथरूमच्या जाळीत रोज सिमेंटचा पापुद्रा धरतो. तो नखाने खरवडून काढावा लागतो. शी! मला लिहितानासुद्धा दातांवर कचकच जाणवतेय.

सगळ्यात वाईट म्हणजे आईचे हात. सिमेंटने माणसाची कातडी फाटते हे तुम्हाला माहीत नसेल. तिच्या बोटांवर बारीक भेगा आहेत, त्यांत काळं ऑइल जाऊन बसलंय, ते साबणाने निघत नाही. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हा माझे केस त्या भेगांत अडकून तुटायचे. सातवीत मी सांगून टाकलं, "शी, आई, हात नको लावूस." आई हसली आणि म्हणाली, "बरं, महाराणी." तेव्हापासून माझी मी पोनी बांधते. रबरबँडने. जो चोरीला गेला होता.

तर विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला: द्रवाच्या दाबाचा रोजच्या जीवनातला उपयोग. वर्गात सगळे इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडून पुठ्ठ्याची क्रेन करणार हे ठरलेलंच होतं. दरवर्षी तेच. मी उठले आणि म्हणाले, "बाई, मी खराखुरा काँक्रीट पंप समजावून सांगणार." सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंचे डोळे चमकले. मी ऐटीत खाली बसले आणि बसता बसता आठवलं, की मला पंपाबद्दल एकच गोष्ट माहीत होती. तो घाण असतो.

म्हणून शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी नाक मुरडत साइटवर गेले.

साइटवर पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या फळ्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कोणीतरी अर्धवट खाऊन टाकलेला डबा आणि त्यावर माश्या. सळ्या एकमेकींना बांधायची ती बारीक काळी तार तर सगळीकडे. ढीगच्या ढीग. एक तुकडा माझ्या सँडलच्या पट्ट्यात घुसला, तो काढताना बोटाला गंज लागला. वर स्लॅबच्या कडेला सुपरवायझर उभा होता. त्याला सगळे शिट्टी म्हणतात. तो तोंडाने फारसं बोलत नाही, दोन बोटं तोंडात घालतो आणि शिट्टी मारतो. एक शिट्टी म्हणजे सुरू करा, दोन म्हणजे थांबा, आणि लागोपाठ मारत सुटला म्हणजे त्याचं डोकं फिरलंय.

"आलीस?" आई म्हणाली. तिने रबरी बूट घातले होते आणि डोक्याला फडकं बांधलं होतं. "लांब उभी राहा. हात कशाला लावू नकोस."

"कोण लावतंय हात!" मी म्हणाले.

काकाने मला पंपाच्या मधोमध असलेल्या एका चौकोनी पेटीपाशी नेलं आणि झाकण उघडलं. आत पाणी होतं. म्हणजे एकेकाळी ते पाणी असावं. आता त्याचा रंग भांडी धुतलेल्या पाण्यासारखा होता आणि वर तेलाचे इंद्रधनुषी डोळे तरंगत होते. कुबट, लोखंडी वास आला. काकाने त्यात अख्खं बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"काका! ई!"

"डॉक्टर नाही का तपासत? पंपाची लघवी समज."

मी खरंच मागे सरले. तो हसत राहिला.

"पाणी गढूळ झालं की समजायचं, काँक्रीटकडचं रबर झिजलंय. पाण्यावर तेल आलं की ऑइलकडचं सील गेलंय. एवढंसं तेल चालतं. आता ऐक." त्याने खिशातून खडू काढला आणि तिथेच पडलेल्या प्लायवूडवर दोन लांब चौकोन काढले. "डिझेल इंजिन काय करतं? एक पंप फिरवतं. तो टाकीतलं ऑइल ओढतो आणि जोरात ढकलतो. इंजिनचं काम संपलं. पुढची सगळी हमाली ऑइलची. हे दोन सिलिंडर. ऑइल या पहिल्यात घुसतं आणि पिस्टनला पुढे रेटतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा पिस्टन. तो पुढे जातो आणि काँक्रीट पाइपात ढकलतो."

"आणि दुसरा सिलिंडर?"

"शाबास. पहिला पुढे गेला की त्याच्या पुढ्यातलं ऑइल जाणार कुठे? या नळीने दुसऱ्यात. ते दुसऱ्याला मागे ढकलतं. मागे येता येता तो हॉपरमधलं काँक्रीट आत ओढतो. मग उलटं. सी-सॉ."

"म्हणजे एक ओकतो तेव्हा दुसरा गिळतो."

काकाने खडू थांबवला. "तुझ्या बाईंना जरा बऱ्या शब्दांत सांग."

पण तसंच होतं ते! आणि खरं सांगू, त्या दोन चौकोनांकडे बघताना मला मजा वाटायला लागली होती. ऑइल टाकीतून निघतं, इतकं सगळं उचलतं, ढकलतं आणि पुन्हा टाकीत येतं, काँक्रीटला एकदाही न शिवता. त्या सगळ्या घाणीत तेवढं एकच स्वच्छ होतं. काकाने काडी बुडवून दाखवलं तर मधासारखं होतं, आरपार दिसणारं. मी मनात म्हटलं, हे ऑइल माझ्यासारखं आहे.

"आता हॉपरमध्ये दोन भोकं," काका म्हणाला, "दोन सिलिंडरांची तोंडं. पण वर जाणारा पाइप एकच. मग मध्ये हा वाकडा पाइप, एस अक्षरासारखा. जो सिलिंडर ओकतोय, तुझ्याच भाषेत सांगतो, त्याच्या तोंडाशी हा जाऊन चिकटतो. दुसरं तोंड गिळायला मोकळं. पिस्टन बदलले की हा झटक्यात दुसरीकडे. हळू जाऊन चालत नाही, वरचं काँक्रीट उलटं खाली येईल. हा झटका कोण देतं? हा बाटला."

पंपाच्या कुशीला एक काळा गोल बाटला होता. नारळाएवढा नाही, कलिंगडाएवढा. त्यात रबराचा फुगा आणि फुग्यात गॅस. पंप अधूनमधून त्या बाटल्यात ऑइल कोंबतो, फुगा दबतो आणि दबलेला राहतो. वाकड्या पाइपाची पाळी आली की फुगा सगळं ऑइल एका दमात बाहेर थुंकतो. पाइप धाडकन दुसऱ्या बाजूला.

"इंजिन बंद केलं तर?" मी विचारलं.

"बाटल्याला काय कळतंय इंजिन बंद झालं ते? तो दाबून धरलेलाच. म्हणून तर हॉपरवर ही जाळी. जाळीखाली हा खटका आहे. जाळी उचलली की खटका सुटतो, बाटल्यातलं ऑइल परत टाकीत जातं आणि हा काटा शून्यावर येतो." त्याने बाटल्याशेजारची घड्याळासारखी तबकडी दाखवली. काचेवर एक गुलाबी रेघ होती. "काटा या रेघेवर म्हणजे बाटला भरलेला. जाळी वर तर काटा खाली. असं नसेल तर हात खिशात."

"हे माझं नेलपॉलिश आहे!"

"लांबून झकास दिसतं," काका निर्लज्जपणे म्हणाला. "थांब, जाळी उचलून दाखवतो."

तेवढ्यात बाबांचा ट्रक मागे मागे येत हॉपरला लागला आणि वरून एक लांब शिट्टी आली. आईने इंजिन चालू केलं. दाखवायचं राहून गेलं.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात किळसवाणा होता. काँक्रीट हॉपरमध्ये पडताना जो आवाज येतो तो मी तोंडाने काढून दाखवू शकते, पण लिहू शकत नाही. गाळात अडकलेला बूट उपसतात ना, तसा, फक्त सतत. जाळीखाली तो राखाडी लगदा बुडबुडे काढत खाली बसायचा, मग वाकडा पाइप धाडकन इकडचा तिकडे आणि त्याचे शिंतोडे आईच्या गालावर. तिने पुसलंही नाही. जाळीवर मोठे दगड अडकायचे ते ती हाताने उचलून फेकायची. एकदा तिने जाळी उचलली, आत हात घातला आणि काहीतरी उपसून काढलं. पोत्याचा तुकडा होता, लोंबणारा, गळणारा. मला उमासा आला. मी तोंड फिरवून तबकडीच्या बाजूला गेले आणि माझ्या कागदावर बाटल्याचं चित्र काढायला लागले. तिथून आई दिसत होती, पण तिला तबकडी दिसत नव्हती. आई पलीकडच्या अंगाला होती.

बाबा ट्रक रिकामा करून पुढची खेप आणायला गेले. आणि मग पंप अडला.

घर्र करून इंजिनचा आवाज जड झाला, पाइप थरथरले आणि झटके बंद. वर दोन शिट्ट्या झाल्या, मग लागोपाठ. आईने इंजिन बंद केलं. काका हातोडी घेऊन पाइपाच्या कडेकडेने ठोकत निघाला. पाइप तुंबला असेल तर भरीव आवाज येतो म्हणे. आई हॉपरपाशी गेली, जाळी उचलली आणि वाकली.

"भाऊजी," ती ओरडली, "पाइप नाही! एस-पाइपच्या तोंडात धोंडा अडकलाय! अर्ध्यात थांबलाय तो!"

काका इमारतीच्या पलीकडे गेला होता. त्याला ऐकू गेलं नाही. आईने बाही वर केली.

मी तबकडीचं चित्र काढत होते. गोल काढला, आकडे काढले, गुलाबी रेघ काढली. मग काटा काढायला वर पाहिलं. काटा रेघेवर होता.

मी आधी तो तसाच कागदावर काढला. खरंच. पेन्सिल टेकवली, रेघ ओढली, आणि मग माझ्या डोक्यात काकाचा आवाज आला. जाळी वर तर काटा खाली. मी मान उचलली. जाळी वर होती. आईचा हात खांद्यापर्यंत हॉपरमध्ये होता.

"आई! हात काढ!"

"काय गं?"

"हात बाहेर काढ! आधी हात काढ! काढ!"

हा आवाज मी स्पर्धेत काढला असता तर सभागृहाच्या काचा फुटल्या असत्या. आईने हात काढला. कोपरापासून बोटांपर्यंत राखाडी, थेंब टपकत.

"केवढ्याने ओरडतेस! काय चावलं का?"

"काटा वर आहे. बाटला भरलेला आहे."

"इंजिन बंद आहे ना."

"बाटल्याला काय कळतंय!" मी काकाचंच वाक्य तिच्या अंगावर फेकलं. "तो पाइप अर्ध्यात का थांबलाय? धोंड्यामुळे! तो धोंडा काढलास की तो उरलेलं अर्धं जाणार!"

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला माझा राग आला होता, दिसत होतं. वरून शिट्ट्यांवर शिट्ट्या चालू होत्या. आणि आता शिट्टी स्वतः जिना उतरून खाली आला.

"काय मॅडम, मायलेकींच्या गप्पा नंतर करा की. वर माणसं वाळत घातल्यासारखी उभी आहेत."

आईने ओठ आवळले. मग खाली पडलेली एक लाकडी पट्टी उचलली, मनगटाएवढी जाड. "बघ," ती मला म्हणाली, "काही होत नाही," आणि पट्टीचं टोक धोंड्याला लावून जोर केला.

धाड!

पंप अख्खा हलला. राखाडी चिखल उडून माझ्या युनिफॉर्मवर, शिट्टीच्या चष्म्यावर, सगळीकडे. आईच्या हातात पट्टीचा निम्मा तुकडा उरला होता. मोडलेला नाही, चिरडून तोडलेला, टोकाला लाकडाचा ओला भुगा. उरलेला निम्मा आत कुठेतरी होता.

 आई त्या तुकड्याकडे बघत होती. मी तिच्या हाताकडे बघत होते.

शिट्टीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"सुटला ना अडकलेला?" तो म्हणाला. "मग करा सुरू."

मला तोपर्यंत वाटत होतं की किळस म्हणजे पोत्याचा तुकडा, पेटीतलं पाणी, बाथरूमच्या जाळीतला पापुद्रा. ती काहीच नव्हती. त्या माणसाच्या चष्म्याआडच्या शांत डोळ्यांकडे पाहून मला जी शिसारी आली ती थेट घशाशी आली. मी थुंकले. साइटवर सगळेच थुंकतात, मी आयुष्यात पहिल्यांदा थुंकले.

मग मी जाळीखाली वाकून पाहिलं. खटका कुठे आहे ते काकाने दाखवलंच होतं. जाळी वर असताना तो बाहेर आलेला असायला हवा. तो आत दबलेला होता. त्याच्याभोवती काहीतरी गुंडाळून गुंडाळून घट्ट बसवलं होतं, सिमेंटने लडबडलेलं, वाळून कडक झालेलं. जिथे पापुद्रा उडाला होता तिथे खालचा रंग दिसत होता.

पिवळा.

काका धावत आला, आवाज ऐकून. त्याच्या हातात अजून हातोडी होती. मी त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"चोर!" मी म्हणाले. "टूथब्रश नेलास, टॉवेल नेलास, मी काही बोलले नाही. हे काय आहे? माझा रबरबँड! मशीनचे डोळे बांधलेस तू! जाळी उघडली हे त्याला कळूच नये म्हणून! मला तासभर शिकवलंस, जाळी वर तर काटा खाली, आणि स्वतः हे करून ठेवलंस? आत्ता आईचा हात गेला असता, काका! हात! किळस येते मला तुझी. तुझ्या त्या ऑइलच्या बोटांची येत नाही एवढी तुझी येते!"

आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. मला त्याचंही काही वाटलं नाही. काका पुढे आला, जाळीखाली वाकला, पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने मान उचलून आईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, आईकडे.  माझं सगळं बोलणं त्याने अंगावर घेतलं आणि हातोडी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांना बोलू नकोस," आई म्हणाली. "मी बांधलाय."

मला वाटलं ती काकाला वाचवतेय.

"खरंच मी बांधलाय. सोमवारी. तुझ्या उशीखालचा घेतला." तिने तो लाकडाचा तुकडा खाली ठेवला, अगदी हळू, जणू तो काचेचा होता. "सगळेच बांधतात. कोणी तार लावतं, कोणी चुंबक. जाळी उचलली की बाटला रिकामा, परत भरायला वेळ लागतो, तोवर पंप उभा. दिवसभरात कितीदा उचलावी लागते, पाहिलंस ना. दुसऱ्या कोणाचा पंप थांबला की म्हणतात, मशीन जुनं आहे. माझा थांबला की म्हणतात, बाई आहे."

शिट्टीने घसा खाकरला आणि पाइपाकडे बघायला लागला.

तोफेत दारूच उरली नव्हती. मला तिचा राग करायचा होता आणि तो येत होता, पण कुठून धरावा ते सुचत नव्हतं. स्वतःच्या हातासाठी असलेला खटका तिने स्वतःच्या हाताने बांधला होता. माझ्या रबरबँडने. मी तो रोज केसांना लावत होते!

"वहिनी," काका हळू आवाजात म्हणाला, "बाटला भरायला वेळ लावतोय म्हणजे गॅस कमी झालाय. मला सांगायचंत. मी कशाला आहे?"

"तुम्ही उघडून बसला असता. मशीन बंद राहिलं असतं."

"राहिलं असतं तर राहिलं असतं."

 काकाने बाटल्याखालचा हाताने फिरवायचा नळ उघडला. आत सूंऽऽ असा आवाज झाला. काटा गुलाबी रेघेवरून घसरत घसरत शून्यावर येऊन पडला. मग त्याने खिशातून ब्लेड काढलं. रबरबँड सुटणारच नव्हता, दगड झाला होता. तो कापावा लागला. कापल्याबरोबर खटका टक् करून बाहेर आला, इतके दिवस श्वास कोंडल्यासारखा.

मग आई खाली वाकली आणि हात आत घालून धोंडा आणि लाकडाचा तुकडा बाहेर काढला. त्या वेळी मी तबकडीवरून नजर हलवली नाही.

हॉपरमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं होतं, पाइपातलंही. थांबून चालणार नव्हतं, तेवढं मलाही कळत होतं. इंजिन सुरू झालं. मी तबकडीपाशी ठाण मांडलं. आई दर वेळी जाळी उचलायची आणि मी ओरडायचे, "शून्य!" मगच तिचा हात आत जायचा. जाळी लागली की पंप पुन्हा बाटला भरायचा, काटा रांगत रांगत रेघेकडे जायचा, आणि तेवढ्या वेळात वरून शिट्ट्या. शिट्टी परत वर गेला होता. दोन, तीन, मग लागोपाठ.

आईने वर पाहिलं. ती साइटवर कधी आवाज चढवत नाही. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"काटा खाली आल्याशिवाय मी हात घालत नाही! घाई असेल तर खाली या आणि तुमचा घाला!"

वरचे मजूर हसले. एकाने टाळी वाजवली. शिट्टी नंतरही वाजत राहिली, पण जरा अंतराने.

स्लॅब संपला तेव्हा पाइप धुण्यासाठी स्पंजचा बोळा आत घातला. पलीकडच्या टोकाने तो बाहेर आला तो सबंध पाइपाचा राखाडी घास पुढे ढकलत, एक शेवटची, लांबलचक ओकारी. मी पाहिलं. पूर्ण पाहिलं. शी.

घरी आल्यावर मी आंघोळसुद्धा न करता कामाला लागले. ड्रॉवरमधले सगळे रबरबँड, केसांच्या पिना, दोऱ्याची रिळं, भाजीच्या जुडीची रबरं, फ्रिजवरचे चुंबक, बाबांच्या अवजारांतली तारेची गुंडाळी, सगळं दप्तरात कोंबलं आणि चेनला छोटं कुलूप लावलं. काका दारात उभा राहून बघत होता.

"मलाही झडती द्यायची का?"

"खिसे रिकामे कर."

त्याने केले. माझा टूथब्रश निघाला. मी तो त्याला परत दिला. "सकाळी जे बोलले," मी म्हणाले, "त्यातलं निम्मं मागे."

"दुपारी बोललीस. आणि निम्मंच?"

"टॉवेलचं मागे घेणार नाही."

आई हात धुऊन आली. तिने तीनदा साबण लावला होता तरी भेगा काळ्याच होत्या. ती खुर्चीत बसली. मी तिच्यापुढे जमिनीवर जाऊन बसले, पाठ करून.  मग माझ्या केसांत तिची बोटं आली. लगेच एक केस अडकला.

"आई गं!"

"मग ऊठ."

"नाही. शी, काय वास येतोय तुझ्या हाताला."

"मग ऊठ की."

"तू घाल."

तिने तीन पेड घेतले आणि घालायला सुरुवात केली, ओढून, घट्ट, लहानपणीसारखी. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले की ती पट्टी दिसत होती. शेवटाला आल्यावर ती थांबली.

"बांधायला दे काहीतरी."

"काही नाही. सगळं कुलपात आहे."

"मग सुटेल."

"धरून ठेव."

तिने टोक मुठीत धरलं. मी विचार करत होते की सोमवारी वर्गात काटा कसा दाखवायचा, गॅस कसा सांगायचा, खटका कसा करायचा. आणि मग मला साइटवरची ती तार आठवली. सळ्या बांधायची, खटकाही बांधता येईल अशी. पाऊल टाकावं तिथे. ती सगळी माझ्या दप्तरात मावणार नव्हती.

"पुढच्या शनिवारी मी परत येणार आहे," मी म्हणाले.

"कशाला? प्रकल्प झाला ना तुझा?"

"येणार."

"घाण असते तिथे," आई म्हणाली, आणि मूठ तशीच ठेवली.